सामायिक फोल्डर

तिने एंटर दाबलं आणि खुर्चीतून अर्धवट उठून हॉलच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली,

"मास्तर, आली का फाईल?"

फर्निचरच्या कारखान्याच्या हॉलमध्येच थाटलेलं ते ऑफिस. ड्रॉइंग काढणारी ती एकटी, आणि लिनक्सवाली पण ती एकटीच. बाकी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज. लाकूड कापायचं मशीन मास्तरांच्या विंडोजलाच जोडलेलं, त्यामुळे प्रत्येक ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घालून तिला त्यांच्या टेबलापर्यंत हेलपाटे घालावे लागत. शेवटी मालकीणबाईंनी बजावलं होतं,

"एका घरात दोन चुली कशाला? शुक्रवारपर्यंत दोघांचं जमव, नाहीतर तुझ्याकडेही विंडोज."

तिचा तर जीव त्या लिनक्सवर. भंगारात निघालेला कॉम्प्युटर तिने त्याच्याच जोरावर पुन्हा उभा केला होता. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत खपून तिने दोन्हीकडून उघडेल असं एक फोल्डर तयार केलं. आज शुक्रवार.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"नाही बुवा."

मालकीणबाई घड्याळाकडे बघू लागल्या. ती एकदम म्हणाली,

"वरचं एफ-फाइव्हचं बटण दाबा ना एकदा, फोल्डर ताजं होईल!"

"दाबलं... अगं, आली की! खुर्चीची पाठ ना?"

"तीच!"

मशीन घरघरलं, भुसा उडाला. मालकीणबाईंनी कापलेली फळी स्वतः उचलून सांगाड्यात बसवली. केसभरही फट नाही. सहसा न हसणाऱ्या त्या बाई खळखळून हसल्या.

"नांदू देत दोन्ही सुखाने!"

सुतारांनी टाळ्या पिटल्या.

दिवसभर फाईली बिनबोभाट जात राहिल्या. तिला एकदाही उठावं लागलं नाही. निघताना मास्तर म्हणाले, "बरं झालं, तुझी पायपीट वाचली," आणि स्वच्छ असलेला चष्मा बराच वेळ पुसत राहिले.

सोमवारी ती आली, तर तिच्या टेबलाला खेटून दुसरं टेबल! मशीनची लांबलचक वायर भिंतीकडेने ओढून आणलेली, आणि टेबलाखाली वाकलेले घामाघूम मास्तर प्लग लावतायत.

"तिकडे खिडकीचा उजेड फार डोळ्यांवर येतो," ते खालूनच म्हणाले.

त्या खिडकीशी मास्तर एकवीस वर्षं बसत आले होते.

"येतोच मुळी," ती म्हणाली आणि आपली खुर्ची सरकवून तिने त्यांना जागा करून दिली.