नाकवाल्या ट्रकचा पट्टा

अक्कलकोट रोडवरच्या बंदेनवाज मिस्त्रींच्या गॅरेजात चनबसप्पांचा ट्रक दीड महिना उभा होता. पुढं लांब नाक असलेला, बहात्तर सालचा. त्याचं मूळ इंजिन पार गेलं होतं. चनबसप्पांच्या मुलीनं, दानेश्वरीनं, भंगारात निघालेल्या एका बसचं धडधाकट डिझेल इंजिन शोधून आणलं, आरटीओची परवानगी काढली आणि मिस्त्रींना म्हणाली, "चाचा, हे ह्यात बसवून द्या."

इंजिन बसलं. गिअरबॉक्सशी जुळलंही. अडलं ते पट्ट्यापाशी.

इंजिनाच्या तोंडाला एक मोठी कप्पी असते. तिच्यावरचा पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो आणि स्टिअरिंग हलकं करणारा पंपही फिरवतो. बसमध्ये अल्टरनेटर उजव्या अंगाला, खाली होता. ट्रकमध्ये नेमकं तिथंच स्टिअरिंगचं बॉक्स. दोन्ही एका जागी मावेनात.

एका सकाळी तिघं उघड्या बॉनेटभोवती उभे राहिले. चनबसप्पा म्हणाले, "स्टिअरिंगला पंप पाहिजेच कशाला? तीस वर्षं मी बिगर पंपाची चालवली की. पाणी आन् बॅटरी, दोनच फिरवा. एक साधा पट्टा बास झाला."

मिस्त्रींना ते पटलं. काम निम्म्यावर येणार होतं. ते दानेश्वरीकडं बघायला लागले.

"पंप पाहिजे," ती म्हणाली.

"अगं, पण कुणासाठी?" चनबसप्पांनी विचारलं.

"माझ्यासाठी. अप्पा, ही गाडी मी चालवणार हाय. वळसंगच्या माझ्या नर्सरीची रोपं न्यायला-आणायला. माझ्या खांद्यात प्लेट हाय, एवढं जड चाक मला वळायचं न्हाई."

मुलगी बापाच्या हौशीखातर गाडी नीट करतेय, असंच चनबसप्पा धरून चालले होते. दारात उभी राहील, दसऱ्याला हार घालू, आल्या-गेल्याला दाखवू. दोन वर्षांपूर्वी तिनं जड वाहनाचं लायसन काढलं, तेव्हाही त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. ह्याच ट्रकवर त्यांनी भावाच्या दोन्ही पोरांना गाडी शिकवली होती. दानेश्वरी तेव्हा मागं पोत्यांवर बसून बघायची. तिला शिकवावं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ते नळावर गेले. हात स्वच्छच होते, तरी बराच वेळ धूत राहिले. परत आले ते थेट मिस्त्रींकडं बघून म्हणाले, "पंप बसवा."

आता प्रश्न उरला पट्टा कसला, एवढाच. मिस्त्रींची पसंती जुन्या पद्धतीच्या दोन व्ही-पट्ट्यांना. "एक तुटला तरी दुसरा चालू राहतो, बेटी. आन् पीठगिरणीवाल्याकडंपण मिळतो. बसचा हा चपटा पट्टा एकटाच सगळं फिरवतो. तो गेला की पाणी बंद, बॅटरी बंद, स्टिअरिंग जड. समदं एकदम."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून आधी तसंच करून पाहिलं. पण दोन पट्टे म्हणजे कप्पीवर एकापुढं एक दोन रांगा. पंखा आणि रेडिएटर यांच्यात चार बोटांची जागा होती, त्यातली तीन बोटं दुसऱ्या रांगेनंच खाल्ली. हातानं फिरवला तरी पंखा जाळीला घासायला लागला. रेडिएटर पुढं सरकवायचा तर ट्रकचं नाक कापावं लागणार.

"नाकाला हात लावायचा न्हाई," चनबसप्पा म्हणाले. ह्यावर मात्र तिघांचं एकमत होतं.

म्हणजे चपटा पट्टाच. मिस्त्री नाराजीनं म्हणाले, "बसवतो. पण ह्या बसचा पट्टा सोलापुरात लगेच मिळत न्हाई. मागवायला आठ दिवस. तवर तुझी रोपं वाळणार."

दानेश्वरीनं थोडा विचार केला. "चाचा, कप्प्या कुठं बसवायच्या ते आपल्याच हातात हाय ना?"

"हौ."

"मग बसच्या पट्ट्याचं माप धरायचं कशाला? जो पट्टा कुठल्याबी गावात मिळतो, त्याच्या मापानं कप्प्या बसवू."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. चाळीस वर्षं ते आधी कप्प्यांना धरणारं ब्रॅकेट करत आले होते आणि मग त्याला पुरेल असा पट्टा शोधत आले होते. "उलटं धरलंस की तू," ते म्हणाले आणि हसायला लागले. "चल, दुकानात जाऊ."

स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांनी गावोगावी फिरणाऱ्या एका पिकअपचा पट्टा निवडला. बसच्या कप्प्यांना लागतात तेवढ्याच सहा धारांचा. दुकानदार म्हणाला, "हा करमाळ्यात मागा, अक्कलकोटात मागा, कुठंबी मिळंल." त्यांनी दोन घेतले, एक सीटखाली ठेवायला.

पुढचे चार दिवस ब्रॅकेटच्या मापाचे पुठ्ठे कापण्यात गेले. अल्टरनेटर डाव्या अंगाला वर नेला. तिथं पट्टा त्याच्या छोट्या कप्पीला जेमतेम शिवून पुढं जात होता. एवढ्यानं तो घसरणार, म्हणून मिस्त्रींनी शेजारी एक मोकळी फिरणारी कप्पी घातली. तिनं पट्टा आत दाबला, तशी त्यानं अल्टरनेटरला नीट मिठी मारली. पुठ्ठ्याचं माप बरोबर आल्यावर लेथवाल्याकडून जाड पत्र्याचं ब्रॅकेट करून आणलं.

इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारच्या शेडमधली माणसंसुद्धा बघायला आली. मिनिटभर छान चाललं. मग पट्टा किंचाळायला लागला आणि बघता बघता एक धार बाहेर सरकला. मिस्त्रींनी घाईनं इंजिन बंद केलं. ती मोकळी कप्पी बदलून पाहिली, दुसरा पट्टा चढवून पाहिला. तो पण तसाच सरकला, कडेनं कुरतडलाही गेला.

"मी म्हणालो होतो," मिस्त्री पुटपुटले. दानेश्वरीनं कुरतडलेला पट्टा हातात घेतला. तिचा चेहरा उतरला होता.

चनबसप्पा वाकून बराच वेळ बघत होते. ट्रक घेण्याआधी ते सोलापुरातल्या एका कापड गिरणीत होते. तिथं माग पट्ट्यांवर चालायचे आणि पट्टे रोज उतरायचे. "दोरा हाय का कुणाकडं?" त्यांनी विचारलं.

दानेश्वरीच्या स्कूटरवर खताचं पोतं होतं. तिनं त्याच्या तोंडाची शिवण उसवून दोरा आणला. चनबसप्पांनी एक टोक तिच्या हातात दिलं. "मोठ्या कप्पीच्या तोंडावर धर. घट्ट." दुसरं टोक ताणून ते स्वतः स्टिअरिंगच्या पंपापाशी गेले. दोरा मोठ्या कप्पीला सरळ टेकला होता. पंपाच्या कप्पीपाशी मात्र तो कडेवर अडून वाकला.

"पट्ट्याचा काय दोष न्हाई," ते म्हणाले. "ही कप्पी काडीभर पुढं आली हाय."

मिस्त्रींनी डोळा लावून पाहिलं. "खरंच की, अप्पा!" पंपामागच्या वायसर लेथवर काडीभर घासून आणल्या. दुकानातून तिसरा पट्टा आणून चढवला. ह्या खेपेला इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. पट्टा जागचा हलला नाही, आवाज तर नाहीच. मिस्त्रींनी चहा सांगितला आणि आपल्या हातानं पहिला कप दानेश्वरीला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दानेश्वरीनं ट्रक बाहेर काढला. चनबसप्पा डावीकडच्या सीटवर बसले. गॅरेजच्या दारातलं वळण तिनं एका दमात घेतलं. त्यांनी तिच्या खांद्याकडं पाहिलं. तो नुसता हलला, कुठं अडला नाही. वळसंगपर्यंत ते एकदाच म्हणाले, "तिसऱ्यावर चांगली वढतीय." दानेश्वरीला ते पुष्कळ होतं.

नर्सरीच्या फाटकातून ट्रक मागं घ्यायचा होता. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना रोपांचे वाफे. दानेश्वरी आरशात बघत थांबली. चनबसप्पा दार उघडून उतरले, ट्रकच्या मागं जाऊन उभे राहिले आणि हात वर करून कानडी-मराठीत मोठ्यानं ओरडले,

"येऊ दे... येऊ दे... डावीकडं घे थोडी... येऊ दे... साकू! बास!"