कलती पाकळी

उतरत्या दुपारी कल्याणच्या आमच्या घराच्या पडवीत ऊन तिरपे होऊन शिरे, खांबाची सावली ओढून लांब करी आणि तांदूळ निवडत बसलेल्या काकूच्या पावलांपाशी येऊन थांबे. सुपातले खडे वेचता वेचता ती पाऊल किंचित मागे घेई आणि स्वतःशीच म्हणे, "ऊन कललं." काका रोज आगगाडीने ठाण्याच्या कचेरीत जात आणि घड्याळ त्यांच्याबरोबर जाई. घराला काकूचे हे दोन शब्द पुरत. ते कानी पडले की चुलीवर आधण चढे.

काकू म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय. मला जन्म देऊन आई गेली तेव्हा वडील वसईकडल्या गावात शेतीवाडीच्या रगाड्यात एकटे होते, आणि काकूची कूस रिकामी होती. तिने मला तान्ही असतानाच पदरात घेतले. मी तिला काकू म्हणत असले तरी आई म्हणजे काय ते मला तिच्याचकडून ठाऊक झाले.

'कलणे' हे एकच क्रियापद तिने संसारभर पुरवले. तिचा सूर्य कधी बुडत नसे, कलत असे. मध्यरात्र उलटली की तिची रात्र कले. शेजारचे दात पडलेले आजोबा म्हातारे नसत, त्यांचे वय कललेले असे. भाताचे तपेले ती असे अलगद कलते करी की पेज तेवढी वाटीत उतरे आणि शीत जागचे हलत नसे. काकांकडून काही हवे असले तर आधी त्यांचा कल घेई, आणि मी तापाने फणफणले की "पोरीच्या कलानं घ्यावं" म्हणत दिवसचे दिवस माझ्या उशाशी बसे. कोणी बोलू लागले की तिची मान डाव्या खांद्याकडे कलायची, आणि सांगणाऱ्याला वाटायचे, आपले दुःख हिने अर्धे उचललेच. गोडबोली मात्र ती मुळीच नव्हती. दूध उतू गेले की तिच्या तोंडाचा पट्टा सुटे आणि मांजरापासून महादेवापर्यंत कोणाची गय होत नसे.

मी सात-आठ वर्षांची असताना, एका चैत्रात, वडील मला न्यायला आले. आगगाडी आली तरी ते पाण्यानेच येत. भरतीबरोबर चढणाऱ्या मचव्याने यायचे आणि ओहोटीबरोबर उतरायचे. त्यांनी दुसरे लग्न केले होते आणि नवी आई मनाने चांगली होती, असे सगळेच म्हणत. ओसरीवर बसून, पागोटे मांडीवर घेऊन ते खालच्या मानेने म्हणाले, "वहिनी, माझं लेकरू माझ्या अंगणात खेळताना बघावं, एवढंच मागतोय."

यात नाही म्हणण्यासारखे काय होते? काकूने माझ्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले. काका अडकित्ता शोधू लागले. मग ती म्हणाली, "देवीला विचारू, भाऊजी. ती सांगेल तसं."

खाडीकाठच्या आमच्या देवीला कौल लावायची रीत होती. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटाने तगरीची एकेक पाकळी चिकटवी. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आणि एकदा विचारले की जे मिळेल ते मानायचे. गुरवाने गाऱ्हाणे घातले, "आई, पोरगी बापाच्या घरी धाडायची असंल तर उजवी दे." आम्ही गाभाऱ्यापुढे बसलो. वडील एका बाजूला, काकू दुसऱ्या, आणि मध्ये मी.

पुष्कळ वेळ काहीच हालले नाही. मग उजव्या पाकळीचे टोक सुटले आणि ती हळूहळू पुढे कलू लागली. डावी आपली ढिम्म. कौल कोणीकडे जाणार हे मलासुद्धा समजले. आपल्या पदराचा वारासुद्धा लागू नये म्हणून काकूने तो कमरेला घट्ट खोचला होता आणि हात जोडून ती त्या पाकळीकडे पाहत होती. तिचे ओठ मिटलेले होते. डोळ्यांतून मात्र पाणी सरळ गालांवर उतरत होते आणि ते पुसायचेही तिला भान नव्हते.

वडील पाकळीकडे पाहत नव्हते. ते काकूकडे पाहत होते.

एकाएकी ते उठले. "वहिनी, ओहोट लागली असेल. मचवा काही माझ्यासाठी थांबायचा नाही."

"अहो भाऊजी, कौल व्हायचाय अजून!"

"तर मग राहू दे तिला तुमच्याकडेच." माझ्या डोक्यावर हात ठेवून ते पायऱ्या उतरले. त्यांचा तळवा खरखरीत होता.

ते दिसेनासे झाल्यावर पाकळी पडली. उजवी.

"आईनं उजवी दिली हो," गुरव हळूच म्हणाला. देवळात आम्ही तिघेच होतो. काकू गप्प राहती तर तिला विचारणारे कोणी नव्हते. पण ती उठली, माझे मनगट धरले आणि बंदराकडे धावत सुटली. चारचौघांत डोईवरचा पदर ढळू न देणारी माझी काकू भर रस्त्यातून धावत होती. तिला मला घालवायचे होते, आणि माझे मनगट तर ती सोडत नव्हती.

मचवा सुटला होता. शीड भरून एका अंगावर कलत तो पाण्याच्या मध्यावर पोचला होता. काकू काठावरून जिवाच्या आकांताने ओरडली, "भाऊजी! उजवी पडली हो! पोर तुमची!"

वडील दोर धरून उभे राहिले. वाऱ्यावरून त्यांचा आवाज तुटत तुटत आला, "मी निघालो तेव्हा पडली नव्हती, वहिनी!"

आणि ते आमच्याकडे पाठ करून बसले.

काकू धक्क्याच्या दगडावर मटकन बसली आणि मला कवटाळून रडली. हुंदके ओसरल्यावर म्हणाली, "पडतं घेतलं गं तुझ्या बापानं. जिंकत असताना घेतलं." मला त्यातले काही कळले नाही, मला राहायला मिळाले याचाच आनंद झाला होता, आणि त्या आनंदात वडिलांकडे हात हलवायचेही राहून गेले.

वडील पुढेही येत राहिले, भरतीबरोबर यायचे आणि ओहोटीबरोबर जायचे. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कोणी पुन्हा बोलले नाही. आज ठाण्यात माझ्या नातवंडांच्या गलक्यात बसले असताना मला समजते की मी हवी होते दोघांनाही, आणि त्या एका संध्याकाळी दोघांनीही मला सोडले. काळाने दोघांना नेले. पण आठवणीतली ती खाडी अजून तेवढीच रुंद आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना, मला दुसऱ्याच्या पदरात घालून, रिकाम्या हातांनी उभे असलेले माझे एकेक माणूस आहे.