शून्य वर्षांचा नाईक

मतदार यादीतून नाव गळणार असल्याचं कळलं, तसा तांड्याचा नाईक सोमला आसेगावकडून बैलगाडीने वाशीमच्या कचेरीत आला. सोबत थोरला मुलगा धरमसिंग होता. १९५१ साल. हरकत घ्यायचा तो शेवटचा दिवस. आज काम झालं नाही, तर आयुष्यातलं पहिलं मतदान सोमलाच्या हातून जाणार होतं.

यादीचे कारकून नानाजी यांनी ओळीवर बोट ठेवलं. "एकवीसच्या आतलं नाव ठेवता येत नाई, नाईक."

"माह्यं वय किती लिवलं?"

"शून्य."

सोमलाने पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे म्या अजून पाळण्यात हाओ?"

मागची रांग खो खो हसली. नानाजी ओशाळले. "रकाना कोरा आला होता. कोरा ठेवायचा हुकूम नाई, म्हणून शून्य टाकलं."

"म्या माईत नाई म्हनलो व्हतो. शून्य नोतो म्हनलो."

"एकच ते."

"एकच कसं? तुमाले लेकरं किती, म्या इचारलं अन् तुमी बोलले नाई, तर तुमाले निपुत्रिक समजू?"

नानाजींना चार मुली होत्या. ते घाईने म्हणाले, "बरं, साठ लिवतो."

"कोनं मोजले साठ? खोटं नोका लिवू."

आता धरमसिंग पुढे सरकला. "बाबूजी, माही ओळ तं वाचा."

नानाजींनी वाचली. धरमसिंग, बापाचं नाव सोमला, वय चाळीस. वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, आणि ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग शून्यावर लाल रेघ मारून त्यांनी लिहिलं: वय माहीत नाही. पुढे शेरा: एकवीसच्या वर नक्की, मुलगा चाळीस वर्षांचा. सोमलाने ते नानाजींकडून दोनदा वाचून घेतलं आणि अंगठा दिला. पण तो जागचा हलेना.

"तांड्यात असे न जन्मलेले अजून किती हायेत?"

नानाजींनी पानं उलटली. "सात. हेमला, सुंदरबाई..."

"सुंदरबाई! तिच्या तोंडात एक दात नाई."

"यायचे असतीन," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"लिवा, बाबूजी. एकेकाच्या मोठ्या पोराचं वय धरमसिंग सांगते."

कचेरी बंद व्हायच्या आत सातही शून्यं कापली गेली. मतदानाच्या दिवशी आठही जण एकाच गाडीत दाटीवाटीने बसून केंद्रावर गेले, आणि सुंदरबाईने कोणालाच आपल्या पुढे उतरू दिलं नाही.