हेरॉन्स जिंकायला हवेत

माझ्या घरात आजवर कुणी निळा रुमालसुद्धा आणला नव्हता. निळा म्हणजे हेरॉन्सचा रंग, आणि हेरॉन्स म्हणजे सरोवरापलीकडची ती माजोरडी मंडळी. त्यांचं नाव काढलं की माझा नवरा, होता तेव्हा, भरल्या ताटावरून उठायचा. आणि रविवारी दुपारी माझा सख्खा भाऊ वॉल्ट दारात उभा, बुटांवर बर्फ, गळ्यात निळा मफलर!

"काढ आधी तो," मी म्हटलं. "नाहीतर आल्या पावली परत फीर."

"बर्नी, आजचा दिवस मी हेरॉन्सचा. उद्यापासून पुन्हा माणसात येतो."

माझा मुलगा काझ सोफ्यावर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून. तो खुदकन हसला. कितीतरी दिवसांनी हसला बिचारा, म्हणून मी मफलर चालवून घेतला.

काझ आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात, हॅमर्समध्ये, बचाव करतो. समोरचा चेंडू घेऊन निघाला की त्याला आडवं करायचं, हे त्याचं काम. बारा वर्षं तेच करतोय आणि बारा वर्षांत त्याचा संघ एकदाही बाद फेरीत पोचलेला नाही. आता गुडघ्याची पार वाट लागलीय. डॉक्टर म्हणाले, हा हंगाम संपला की तू संपलास. साखळीतला शेवटचा सामना आम्ही शनिवारी जिंकलो. बाद फेरीत गेलो तर माझ्या पोराला अजून एक सामना मिळणार, ज्याच्यासाठी लहानपणापासून हाडं मोडून घेतली तो सामना. नाही गेलो तर कालचाच शेवटचा. आणि आता आमच्या हातात काडीचंही उरलं नव्हतं.

झालं होतं असं की जागा उरली होती एक आणि दावेदार दोन, आम्ही आणि स्टॅलियन्स. दोघांचे विजय सारखे. आमची एकमेकांशी गाठच पडली नव्हती. अशा वेळी बघतात की तुम्ही ज्यांना हरवलंत ते वर्षभरात किती सामने जिंकले. लिंबूटिंबूंना लोळवून आलात तर तुमच्या विजयांना भाव कमी. नियम योग्यच आहे म्हणा. मीच पूर्वी दुसऱ्यांना याच्यावरून नावं ठेवायचे.

आता आमचं पारडं केसभर हलकं होतं. सप्टेंबरात आम्ही हेरॉन्सना हरवलं होतं. त्यांनी आज आपला शेवटचा सामना जिंकला, की आमचा तो विजय वजनदार होणार आणि आम्ही आत. म्हणून जन्मभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यासाठी मी सकाळी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले होते. देवालाही हसू आलं असेल.

पण हेरॉन्स जिंकणार कसे? सप्टेंबरात ते वाघ होते. त्यांचा चेंडू फेकणारा पोरगा, नील हॅराडिन, चोवीस वर्षांचा, नुसता आग. आमच्या सामन्यात शेवटी शेवटी तो चेंडू घेऊन निघाला आणि काझने त्याला धडक दिली. नियमातली, स्वच्छ धडक. पंचांनी चूक दाखवायचा पिवळा रुमालसुद्धा टाकला नाही. चेंडू सुटला, आम्ही जिंकलो, आणि हॅराडिनचा पाय मोडला. त्या धडकेचा फोटो गावातल्या प्रत्येक दुकानात लागला. माझ्या फ्रिजवरही आहे. त्या दिवसापासून हेरॉन्स जे हरत सुटले ते सुटलेच.

हॅराडिनच्या जागी आता प्रुइट नावाचा एक म्हातारा फेकत होता. पहिलाच चेंडू त्याने प्रेक्षकांत भिरकावला.

"अरे, याच्यापेक्षा आमची बर्नी बरी फेकते," वॉल्ट ओरडला. "भाऊजी असते तर त्यांनी सांगितलं असतं, ताटं कशी नेम धरून यायची!"

"तुझं डोकं अजून शाबूत आहे ना? मग गप बस," मी म्हटलं आणि कोबीचे रोल वाढले.

काझ जेवेना. टीव्हीशी बोलत होता, हळू आवाजात. "डावीकडे बघ, प्रुइट. डावीकडे मोकळा आहे रे." जन्मभर ज्या निळ्यांना तो आडवं करत आला, त्यांना आज वाट दाखवत होता. मला बघवेना. मी उगाच ओटा पुसत राहिले.

आणि म्हातारा चक्क रंगात आला! शेवटच्या मिनिटाला हेरॉन्स रेषेच्या अगदी तोंडाशी. एकदा पलीकडे गेले की जिंकले. वॉल्ट सोफ्यावर चढला. मी हातात फडकं घेऊन "जा रे बाबा, जा!" म्हणून किंचाळत होते. निळ्यांसाठी, मी! काझने गुडघ्यावरची पिशवी कधी फेकली, कळलंही नाही. उभा होता.

डावीकडे माणूस मोकळा होता. प्रुइटने उजवीकडे फेकला. समोरच्या संघातल्या एकाने अलगद झेलला.

खेळ खलास.

वॉल्टने मफलर काढला, घडी केली आणि खिशात कोंबला. टीव्हीवर हॅराडिन दिसला, मैदानाच्या कडेला काठी टेकून उभा, रडत होता. हेरॉन्सचं वर्ष असं का झालं, हे समजवायला टीव्हीवाल्यांनी काझची ती धडक दाखवली. मग सावकाश दाखवली. मग दुसऱ्या बाजूने.

"बंद कर ते मेलं," मी वॉल्टला म्हटलं.

"राहू दे," काझ म्हणाला. पापणी न हलवता बघत होता. "चांगली होती ना गं, आई?"

"तुझी सगळ्यात चांगली."

"त्याला सोडला असता तर तो सामना गेला असता. नाही सोडला, तर हे." त्याने माझ्याकडे बघितलं, लहानपणी बघायचा तसं. "मग करायचं तरी काय होतं मी?"

तीस वर्षं मी शाळेत पोरांना जेवण वाढलं. उर्मट पोरं, त्यांचे उर्मट बाप, हेडमास्तर, कुणाचंही तोंड बंद करून पाठवलंय मी. वॉल्ट माझ्याकडे बघत होता, आता ही काहीतरी बोलेल म्हणून.

मी काझचं ताट उचललं, रोल पुन्हा गरम केले आणि समोर ठेवले.

"खा," मी म्हटलं.

त्याने खाल्ले, सगळे.