पेलसाहेबांच्या मंतरलेल्या काठ्या

गोल्फच्या मैदानावर नवव्या खळ्याभोवती त्या शनिवारी दीडशे माणसं उभी होती, आणि आमच्या बिंडलिंग गावाची सगळी वस्तीच मुळी एकशे ऐंशीची. उरलेल्या तिसांत तान्ही बाळं होती, अंथरुणाला खिळलेले म्हातारे होते आणि पाद्रीबाबा होते. पाद्रीबाबांनाही नंतर काहींनी कुंपणाआड उभं असलेलं पाहिलं म्हणे.

सगळ्यांचे डोळे मर्व्ह टकवेलवर होते. मर्व्ह गावचा दारूगुत्तेवाला. गोल्फच्या मैदानावर त्याचा चेंडू भोकात जायचा तो फक्त त्यानं वाकून हातानं टाकला तर. त्या दुपारी बारा वाजता मात्र त्यानं सहा पावलांवरून पाच चेंडू मारले आणि पाचही भोकातल्या पत्र्याच्या डब्यात खडखडत जाऊन पडले. पाचव्याला पुरुषांनी टोप्या काढल्या. मर्व्हच्या बायकोनं तर नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या मैदानावर हिरवळ नव्हती. एवढं पाणी आणणार कुठून? गव्हाच्या रानात पाऊस पडला तर देवाची कृपा. म्हणून प्रत्येक भोकाभोवती वाळूचं गोल खळं असे. वाळू उडू नये म्हणून तिला मोटारीचं जुनं काळं तेल पाजायचं. कुणी चालून गेलं की पावलं उठायची, म्हणून चेंडू मारण्याआधी त्याच्यापासून भोकापर्यंतची वाट सपाट करायची. त्यासाठी लांब दांड्याला आडवा लोखंडी पाइप बसवलेला असे. तो ओढला की इस्त्री केल्यासारखी पट्टी तयार. मग खेळणारा आपली पटर घेऊन यायचा. पटर म्हणजे चेंडू भोकात ढकलायची शेवटची काठी. दोनशे यार्ड चेंडू उडवणारे मर्दगडी ह्या शेवटच्या दोन हातांत रडकुंडीला येतात.

हे रडकुंडीला येणं प्रोफेसर ऑगस्टस पेल यांनी बरोबर हेरलं होतं. हिरव्या मोटारीतून ते आले, बरोबर भाची, मिस ओडेट. मखमलीच्या पेटीत बारा पटर. प्रत्येक काठी म्हणे वीज पडलेल्या झाडाच्या लाकडाची. "माणूस काठी निवडत नाही," प्रोफेसर डोळे मिटून सांगत, "काठी माणूस निवडते." मग तुमच्या तळहातावर ते दोऱ्याला बांधलेला पितळी लोलक धरत. तो ज्या काठीच्या दिशेनं झुकेल ती तुमची. शक्ती सूर्याबरोबर चढते, दुपारी दोननंतर उतरते, म्हणून प्रयोग फक्त त्याआधी. बारा काठ्यांपैकी अमुक नंबरची सगळ्यांत ताकदवान, असं ते कधी म्हणत नसत. समोरच्याच्या खिशातलं घड्याळ पाहून मग ठरवत, असं मला वाटतं.

पैसे मात्र घेत नसत. काठी पैशाला वश होत नाही, जिवाभावाची वस्तू द्यावी लागते. मर्व्हनं आजोबांचं सोन्याचं घड्याळ दिलं. टपालमास्तरांनी नवाकोरा रेडिओ दिला. आणि तेवढ्यात गर्दीतून माझे बाबा पुढे झाले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, गावच्या एकखोली शाळेत शिकवत होते. आता मला अठ्ठ्याऐंशीवं लागलंय, पण बाबांची ती पावलं अजून ऐकू येतात. बाबा, म्हणजे क्लेम ट्रेगेअर, वर्षभर मैदानावर फिरकले नव्हते. युद्धावरून आल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. गेल्या ऑगस्टमध्ये शेजारच्या कूलारप गावाविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या खळ्यावर दीड फुटावरचा चेंडू त्यांच्याकडून हुकला, आणि कूलारपचे लोक हसले. आमचे हसले नाहीत, हे जास्त वाईट. त्या दिवसापासून बाबा फक्त मेंढ्यांशी आणि स्क्विबशी बोलायचे. स्क्विब आमची कुत्री, तांबूस, एक कान मोडका, सहाशे मेंढ्या नुसत्या नजरेनं वळवणारी.

प्रोफेसरांनी बाबांच्या तळहातावर लोलक धरला आणि तो गरागरा फिरायला लागला. हात थरथरतोय म्हटल्यावर लोलक दुसरं काय करणार? पण प्रोफेसर दोन पावलं मागे सरले. एवढी शक्ती आपण तीस वर्षांत पाहिली नाही म्हणाले. मिस ओडेटनं पाइप ओढून वाट केली. बाबांनी पाच चेंडू मारले, पाचही गेले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही विश्वास ठेवला.

मग प्रोफेसरांनी खाली पाहिलं. बाबांच्या बुटाशी स्क्विब बसली होती.

प्रोफेसर रविवारी सकाळी दहाला निघणार, त्याआधी कुत्री द्यायची, असं ठरलं. तसल्या कुत्रीला मेंढपाळ किती पैसे मोजतात ते मला ठाऊक होतं, आणि प्रोफेसरांनाही ठाऊक असणार.

घरी परतताना मी बाबांशी भांडले. स्क्विबशिवाय मेंढ्या कोण वळवणार, ती काठी का, असं विचारलं. बाबांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. मग म्हणाले, "नोरीन, तू मास्तरीण आहेस, तुला सगळं फळ्यावर सोडवता येतं. पण ते पाच चेंडू ह्या हातानं मारले. मला एकदा माणसांत ताठ उभं राहायचंय, पोरी."

मी तशीच मागे वळून क्लबवर गेले. काही अडलं की मी थेल्माकाकूंकडे जायची.

थेल्मा गॅड्सबी गोल्फ क्लबच्या चहाच्या खोपटात कप विसळत होत्या. आम्हा बायकांना क्लबात मत नव्हतं, पण केक भाजायचे, चहा करायचा, वाळूला तेल पाजायचं आणि पाइप ओढायचा एवढे हक्क होते. बारा वर्षं ती नऊ खळी काकूच सांभाळत होत्या. त्या धुसफुसत होत्या, पण चमत्कारावर नाही.

"स्वतःचा पाइप घेऊन आला गं तो," त्या म्हणाल्या. "म्हणे तुमच्या बायकांना त्रास नको. कुणाच्या घरी जेवायला जाताना आपण आपला झाडू नेतो का?"

मी कपबशी पुसता पुसता थांबले. पाइप! दीडशे माणसांनी काठी पाहिली होती, चेंडू पाहिला होता, भोक पाहिलं होतं. पाइपाकडे कुणीच पाहिलं नव्हतं. पाइप ओढणाऱ्या बाईकडे आमच्या गावात कुणी बघतच नसे. ती वाट करून बाजूला झाली की मग खेळ सुरू व्हायचा. आणि ते दोन वाजताचं काय? डोक्यावरच्या उन्हात काळ्या वाळूवर सावली पडत नाही. ऊन तिरपं झाल्यावर काय दिसतं, हे कुणाला दिसायला प्रोफेसरांना नको होतं तर.

साडेचारला आम्ही दोघी नवव्या खळ्यावर गेलो. बाबांच्या चेंडूंची वाट तशीच होती. काकू साठीच्या, मी शाळेची मास्तरीण, आणि दोघी पोटावर पालथ्या झोपलो, गाल वाळूला टेकवून. तिरप्या उन्हात वाटेच्या एका कडेनं बारीक सावली धावत होती, थेट भोकापर्यंत. वाट सपाट नव्हतीच. बशीसारखी मधे खोलगट होती, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. चेंडू सोडला की तो पन्हळीतल्या पाण्यासारखा भोकात जाणार. काठी विजेची असो नाही तर खराट्याची.

"खराट्याची," काकू म्हणाल्या आणि उठून बसल्या. एक गाल तेलानं काळा झाला होता. चेहरा मात्र घरातून पळून जायच्या बेतात असलेल्या तरुण मुलीसारखा.

रविवारी दहाच्या आत पुन्हा अख्खं गाव जमलं. बाबांच्या हातात स्क्विबची दोरी होती. त्यांनी दाढी केली होती. काकू पुढे गेल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या की जाता जाता आम्हा बायकांचीही शक्ती तपासावी. प्रोफेसर हसले. बायकांना काठी पेलत नाही म्हणाले.

"काठी नकोच साहेब. माझ्याकडे माझी आहे," काकू म्हणाल्या, आणि खोपटाच्या दाराआडून अंगण झाडायचा लांब दांड्याचा झाडू काढला.

लोक हसले. मिस ओडेट पाइप उचलायला वाकली तशी मी तिला धरून खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला. तुम्ही पाहुण्या, रोज तुम्हीच का राबायचं, असं म्हटलं. तोवर काकूंनी प्रोफेसरांचाच पाइप घेऊन वाट ओढली. झाडूच्या लाकडी डोक्यानं चेंडू ढकलला. खडखड. दुसरा. खडखड. तिसऱ्याला हसू थांबलं. चौथा त्यांनी डाव्या हातानं मारला. पाचव्याच्या वेळी मागे वळून मर्व्हला म्हणाल्या, "डोळे मिटू का रे?" आणि खरंच मिटले. खडखड.

प्रोफेसर खाकरले. ह्या बाईंत सुप्त शक्ती आहे, लाखांत एखादीत असते, असं त्यांनी जाहीर केलं. काही जणांनी माना डोलावल्याही. माणसाला मान डोलावायला फार वेळ लागत नाही.

"मग आता तुमची पाहू," मी म्हटलं. "अजून दहाच वाजलेत साहेब, सूर्य चढतोय. तुमची सगळ्यांत भारी काठी घ्या. वाट मात्र आमच्या पाइपानं."

क्लबचा जुना पाइप काकूंनी ओढला. प्रोफेसरांना काढता पाय घेता येईना. पहिला चेंडू भोकाच्या डावीकडून गेला, दुसरा उजवीकडून. तिसरा पोचलाच नाही. चौथा पलीकडे गवतात गेला, आणि पाचवा मारण्याआधी त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. तोही चुकला. गर्दीत कुणी हसलं नाही. सगळे विचार करत होते, आणि त्याचा आमच्या गावाला सराव नव्हता.

मग मी दोन्ही पाइप चहाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आमचा गप्प पडून राहिला. प्रोफेसरांचा पाळण्यासारखा डुलत राहिला. मधे पोट काढलेलं, दोन्ही टोकांखालून माझी करंगळी सहज जात होती. मी मुलांना शिकवते तसं सांगितलं: हे पोट वाळूत पन्हळ पाडतं, पन्हळ चेंडूला नेते. काठी, लोलक, वीज, सूर्य, हे सगळं तुम्ही पाइपाकडे बघू नये म्हणून. ज्याला वाटेल त्यानं हात लावून बघावं. रांग लागली. पाद्रीबाबा रांगेत तिसरे.

घड्याळ परत मिळालं, रेडिओ मिळाला. मिस ओडेट चहा संपवून शांतपणे म्हणाली, "माझ्या हाताला घट्टे पडलेत मामा. पुढच्या गावी तुम्ही ओढा." हिरवी मोटार गेली.

बाबा तिथेच उभे होते. स्क्विबची दोरी हातात होती, पण चेहरा उतरलेला. माझ्याकडे पाहिलंच नाही. काकूंना म्हणाले, "थेल्मा, म्हणजे ते पाच चेंडू माझे नव्हतेच."

"नव्हते," काकू म्हणाल्या. त्या उगाच गोड बोलल्या नाहीत. "आता तुझी जुनी काठी आण, बघू."

ती काठी बाबांच्या भावाची, माझ्या काकांची होती. काका सहा फूट तीन इंच, बाबा पाच फूट सात. काठीशी जमवून घ्यायला बाबा कोपरं बाहेर काढून, मागे रेलून उभे राहायचे; चेंडू नजरेच्या पार पलीकडे. काकूंनी त्यांना वाकायला सांगितलं, डोळे चेंडूच्या बरोब्बर वर येतील आणि हात आपोआप खाली लोंबतील इतकं. हात जिथे आले तिथे खडूनं खूण केली आणि करवतीनं काठीचे वरचे चार इंच कापून टाकले. मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. मग काकूंचे हुकूम: हात थरथरतो तर थरथरू दे, मूठ सैल ठेव, बोटांनी नको, खांद्यांनी झुलव. आधी एक फूट. ओळीनं वीस गेले की दोन फूट. एक हुकला की पुन्हा एकपासून. रोज संध्याकाळी पन्नास चेंडू.

पहिल्या आठवड्यात बाबा वीसपर्यंत पोचलेच नाहीत. एकदा चिडून काठी कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे भिरकावली. स्क्विब ती तोंडात धरून घेऊन आली. नोव्हेंबरात दोन फुटांचा टप्पा पार झाला. डिसेंबरात, दक्षिण गोलार्धातल्या आमच्या उन्हाळ्यात, साप निघाले तरी बाबा मेंढ्यांच्या शेडमध्ये ताडपत्री पसरून मारत होते. एप्रिलमध्ये चार फूट. हात तसाच होता, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की तो जायचा नाही.

ऑगस्टमध्ये कूलारपवाले आले. शेवटच्या खळ्यावर सामना बरोबरीत, बाबांचा चेंडू भोकापासून चार फुटांवर. वाट मी ओढली, क्लबच्या सरळ पाइपानं. बाबांचा हात थरथरताना दोन्ही गावांना दिसत होता. त्यांनी मूठ सैल केली, खांदे झुलवले. चेंडू कडेला लागला, अर्धं भोक फिरला आणि आत पडला. बाबा ताठ उभे राहिले, टोपी काढली आणि कूलारपच्या कप्तानाशी हात मिळवला, त्याच उजव्या हातानं.

त्या संध्याकाळी मर्व्हनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की क्लेमची काठी कोणत्या लाकडाची आहे. टपालमास्तरांना ती फक्त एकदा हातात धरायची होती. आणखी दोघांना सायकलची ट्यूब कोणत्या दुकानातली ते हवं होतं. बाबांनी सगळ्यांना एकच सांगितलं: उद्या पाचला घरी या, पन्नास चेंडू आणा. मी दुसऱ्या दिवशी सहा कप मांडले. आल्या एकट्या थेल्माकाकू.

वाचकहो, चमत्काराला दीडशे माणसं जमतात, सरावाला एक येतं. मला ह्या वयात तुमच्याकडून फार काही नको. कुणी अद्भुत काही दाखवू लागलं तर जिथे तो बोट दाखवतोय तिथे बघू नका. आधी तिथवरची वाट कुणी आणि कशानं तयार केली ते विचारा. विचारताना लोक हसतील, हसू द्या. गाल वाळूला टेकवून बघा, काळा झाला तर धुता येतो. आणि एखादी गोष्ट खरंच जमायला हवी असेल तर आपल्या मापाची काठी घ्या, एका फुटापासून सुरुवात करा, आणि उद्या पुन्हा या.