दुसरी आणि पाचवी तार

मशीनवर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. पोटच माझं त्यावर आहे. दुकानांतले, गोदामांतले वजनकाटे तपासायचे, चुकत असतील ते ठिकाणावर आणायचे आणि वर सील मारायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे शनिवारी सकाळी बाबा मांडीवर स्टील गिटार घेऊन हळूच म्हणाले, "तुझा हा ट्यूनर जरा गंडलाय का गं?" तेव्हा मी हातातला चहा खालीच ठेवला.

ट्यूनर मीच दिला होता, त्यांच्या गेल्या वाढदिवसाला. काडेपेटीएवढं यंत्र. गिटारच्या टोकाला चिमट्यासारखं लावायचं आणि तार छेडायची. पडद्यावरचा काटा मधोमध आला की हिरवा दिवा लागतो, म्हणजे तार सुरात. त्याआधीची चाळीस वर्षं बाबांनी कानाने तारा लावल्या. "वाजवणं पाच मिनिटं आणि खुंट्या पिळणं तासभर," असं आई म्हणायची.

"गंडलाय म्हणजे काय झालंय?"

"काही नाही गं. सगळ्या तारांना हिरवा दिवा येतो, पण एकदम छेडल्या की कुठेतरी खटकतं. जाऊ दे, माझेच कान गेले असणार."

आणि मग, पेपरातली बातमी सांगावी तसं त्यांनी सांगून टाकलं. संगीताचा क्लास घेणाऱ्या बाई चार वाजता येणार होत्या, गिटार न्यायला. "सूरच कळेनासा झालाय, तर उगाच अडगळ कशाला? तिथली मुलं तरी वाजवतील," असं म्हणून ते हसलेसुद्धा. स्वयंपाकघरात आईने भांडी आपटायला सुरुवात केली, म्हणजे तिलाही हे आत्ताच कळलं होतं.

"चारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "या मशीनचा निकालच लावते."

आधी सेल बदलला. मग पंखा बंद केला, कारण त्याच्या घरघरीनेही असली यंत्रं फसतात. "मरू दे मला उकाड्याने," आई आतून म्हणाली. चिमटा हलवून दुसरीकडे लावला. ट्यूनरची पट्टी पाहिली. बटण चुकून दाबलं गेलं तर मूळ सुराचा चारशे चाळीसचा आकडा चारशे बेचाळीस होतो आणि सगळंच वर सरकतं. आकडा चारशे चाळीसच होता. बाजारात जाऊन नव्या तारा आणल्या, जेवणं झाल्यावर जुन्या काढून त्या चढवल्या, ओढून ओढून त्यांचा ताण बसवला. शेवटी बाबांच्या कपाटातला, एकच पक्का सूर देणारा ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून ट्यूनरला टेकवला. हिरवा दिवा! मशीन केसभरसुद्धा चुकत नव्हतं.

"बघा!" मी टेबलावर हात आपटला. "मशीन शंभर टक्के बरोबर आहे, बाबा!"

"बरं," ते म्हणाले आणि पलंगाखालून गिटारची पेटी ओढायला वाकले.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की आपण जिंकलो म्हणजे काय केलं. कान गेलेत हे मीच त्यांना सिद्ध करून दाखवलं होतं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं! साडेतीन वाजले होते.

"बाबा, द्यायच्या आधी एकदा तुमच्या कानाने लावा ना. मला बघायचंय."

त्यांनी डोळे मिटले आणि खुंट्या हातात घेतल्या. ट्यूनर मी काढला नव्हता, त्याचं तोंड फक्त माझ्याकडे वळवलं होतं. पहिली तार हिरवी. तिसरी, चौथी, सहावी, सगळ्या हिरव्या. दुसऱ्या तारेला मात्र काटा मध्यापासून तीन रेघा डावीकडे थांबला, आणि पाचवीलाही तिथेच. म्हणजे या दोन तारा खाली राहिल्या होत्या.

"पुन्हा लावा," मी सगळ्या तारा सैल करून म्हटलं. त्यांनी लावल्या. "आता परत एकदा."

तिन्ही वेळा दुसरी आणि पाचवी तीनच रेघा खाली, बाकी चार अचूक. आता हे काही माझ्या पचनी पडेना. आयुष्यभर मी बिघडलेले काटे बघतेय. बिघडलेला काटा आत्ता इकडे, मग तिकडे. तो इतका इमानदार नसतो. आणि कान गेलेला माणूस चार तारा बिनचूक लावून दोनच कशा चुकवेल?

"या दोन कुठल्या सुराच्या?"

"गंधार. एक खालचा, एक वरचा."

"मग खाली का लावता?"

"खाली कुठे? जागेवर आहेत. जरा वर गेल्या की बाकीच्यांशी भांडतात." त्यांनी सगळ्या तारा एकदम छेडल्या. खोली कशी भरून गेली. मग मी त्या दोन खुंट्या हिरवा दिवा लागेपर्यंत वर पिळल्या आणि तशाच छेडल्या. आवाज थरथरायला लागला. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण मलाही ते सहन होईना. आई पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "हेच! कित्येक महिने हेच वाजतंय घरात."

मशीन प्रत्येक सुराला ठरलेल्या जागी बसवत होतं, सगळ्या गाण्यांत चालून जाईल अशा. बाबा शेजारच्या तारांशी पटेल तिथे बसवत होते. दोघंही बरोबर होते. चुकले होते मी एकटी, कारण यंत्र तपासलं आणि माणूस तपासलाच नाही.

"अहो, पण तुम्हाला ऐकू येत होतं ना? मग इतके महिने बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेने आणलंस," बाबा खुंटीकडे बघत म्हणाले. "आणि काट्यातलं तुला सगळं कळतं. म्हटलं, पोरगी चुकायची नाही. चुकत असेल तर म्हाताराच."

मी त्यांच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडले. बेल वाजली तशीच उठले, तोंडही न पुसता दार उघडलं आणि उंबऱ्यातच बाईंना म्हटलं, "माफ करा, पण गिटार नाही मिळणार. हवं तर हा ट्यूनर घेऊन जा."

"ए, ट्यूनर कुठे देतेस?" मागून बाबा कडाडले. उठून आले, माझ्या हातातून तो काढून घेतला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "माझ्या मुलीने दिलाय तो. चार तारा अगदी नीट सांगतो. या बाई, आत या."