विटांवर चढवलेली गाडी

एंगकुसची गाडी गल्लीच्या वळणावर आली की आधी तिचे ब्रेक किंचाळायचे आणि मग गाडी दिसायची. दोन महिने हे चाललं होतं. एंगकुस म्हणायचा, पावसाने गंज धरलाय, दोन दिवस उन्हात फिरली की आवाज जाईल. ऊन पडलं, गाडी फिरली, आवाज वाढला.

शेवटी मंगळवारी शाळेतली कारकुनी आटोपून तो सुमेडांगच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथल्या गणवेशवाल्या माणसाने चारही चाकं काढून पाहिली आणि एक छापील कागद त्याच्या हातात ठेवला. पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, मागचे लायनर, ड्रम, मास्टर सिलिंडर. एकूण बेचाळीस लाख रुपिया. एंगकुसचा महिन्याचा पगारही एवढा नव्हता. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली, विचार करून सांगतो म्हणाला आणि थेट गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कांग ओजोच्या, म्हणजे ओजोदादाच्या, गॅरेजात आला.

ओजोने चाकाच्या आत बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं, चुकचुकला आणि म्हणाला, "जुन्याच ब्रेक-शूवर नवं लायनर चिकटवून देतो, कांग. ड्रम लेथवर घासून घेऊ. साडेसहा लाखांत बसवतो."

"चालेल ना पण?"

"चालेल की. जरा सांभाळून चालवायची."

एका डॉक्टरने ऑपरेशन सांगावं आणि दुसऱ्याने लसूण खा म्हणावं, तशी एंगकुसची गत झाली. मग त्याने तिसराच मार्ग काढला. तूर्तास काहीच करायचं नाही. रविवारी गल्लीत लग्न आहे, ते पार पडू दे, मग बघू.

खरं म्हणजे ती गाडी एकट्या एंगकुसने झिजवलीच नव्हती. सात वर्षांपूर्वी त्याने ती जुनीच घेतली, तेव्हा ती गल्लीतली एकमेव गाडी होती आणि आजही होती. कुणाला कळा सुरू झाल्या, गाडी. कुणी मक्केला उमऱ्याला निघालं, विमानतळापर्यंत गाडी. शुक्रवारी नीनी इजोहला, म्हणजे इजोह आजीला, दवाखान्यात न्यायला गाडी. दारात येऊन माणूस आधी तब्येत विचारायचा, मग पावसापाण्याचं बोलायचा आणि उठता उठता म्हणायचा, "कांग, उद्या गाडी रिकामी असेल का?" त्यावर एंगकुस म्हणायचा, "मंग्गा." या, घ्या, तुमचंच आहे, असं सगळं त्या एका शब्दात येतं. नकार तेवढा येत नाही. जावा बेटावरच्या या सुंडा मुलखात नकाराला शब्द नाही असं नाही, पण शेजाऱ्याच्या तोंडावर तो म्हणणारा माणूस या गल्लीत अजून जन्मायचा होता.

एंगकुस बावन्न वर्षांचा होता आणि दमला होता. एका दिवसाच्या झोपेने जाईल असा तो थकवा नव्हता. रविवार उजाडला की त्याला आधी धास्ती वाटायची, आज कोण येणार म्हणून. आणि या रविवारी तर हाजी कोमारच्या धाकट्या मुलाचं लग्न. सजवलेली भेटींची ताटं घेऊन वरपक्षाने घाट उतरून नवरीच्या गावी जायचं. एंगकुसच्या गाडीत कोण बसणार तेही ठरलं होतं. नवऱ्या मुलाची आजी म्हणजे नीनी इजोह, तिच्या दोन सुना आणि तीन मजली केक.

गुरुवारी दुपारी शाळेतून येताना तो मशिदीचा उतार उतरत होता. गाडीत तो एकटाच होता. पुढे तळलेल्या टोफूची हातगाडी आडवी आली, म्हणून त्याने ब्रेक दाबला आणि पाय सरळ खालपर्यंत गेला. लोण्यात बोट जावं तसा. त्याने गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, गाडी डाव्या अंगाला घेतली. पाटाच्या कठड्याला चाक घासत घासत गाडी थांबली. टोफूवाला ओरडला, "काय कांग, झोप लागली काय?" एंगकुस हसला. पाटाचं पाणी कठड्याखाली दोन पुरुष खोल होतं.

पहिल्या गिअरमध्ये गाडी कशीबशी ओजोच्या दारात आणून त्याने उभी केली. खाली उतरला आणि घोटभर पाणीही न मागता म्हणाला, "कांग ओजो, एक विचारतो. तुमच्या नातीला या गाडीत बसवून घाट उतराल?"

ओजो फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"माझी नात फार लहान आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारतोय."

"नाही बसवणार."

"मग परवा 'चालेल' असं का म्हणालात?"

"तुम्ही एवढंसं तोंड करून आला होतात. त्या वर्कशॉपचा कागद तुमच्या खिशातून डोकावत होता. त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? त्यातून रविवारी लग्न. तुम्ही चालेल ना असं विचारलंत. चालेल का असं विचारलं असतंत तर कदाचित बोललो असतो."

एंगकुसला राग आला. पण राग यायलाही अंगात बळ लागतं. तो बाकावर बसला. ओजोने मग सगळं सरळ सांगितलं. ड्रम घासायच्या पलीकडे गेले आहेत, डिस्क पापडाएवढ्या पातळ झाल्या आहेत, सिलिंडर गळतो आहे. सामान नवंच घ्यायला हवं. मजुरीचं आपण बघू, पण सामान बांडुंगहून मंगळवारी येईल.

"लग्न रविवारी आहे," एंगकुस म्हणाला.

"हो," ओजो म्हणाला.

म्हणजे आता हाजी कोमारला सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम. गाडी नाही देऊ शकत. एंगकुस रस्ताभर ते चार शब्द घोकत गेला.

हाजींच्या अंगणात मांडव पडत होता. हाजींनी त्याला हाताला धरून बसवलं, कॉफी दिली, शिजवलेले भुईमूग पुढे सरकवले. वडीलधाऱ्याला लावायचा 'पाक' लावून एंगकुस म्हणाला, "पाक हाजी, गाडीचं जरा..." हाजी म्हणाले, "अरे हो, गाडीचंच बोलणार होतो. तुझी गाडी सगळ्यात पुढे ठेवायची. आईचा मान." दुसरी कॉफी आली. एंगकुस म्हणाला, "घाटात हल्ली फार धुकं असतं." हाजी म्हणाले, "तू असताना आम्हाला कसली काळजी?" तिसरी कॉफी आली तेव्हा खुद्द नीनी इजोह काठी टेकत बाहेर आली. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बाळा, फार करतोस रे सगळ्यांसाठी."

"मंग्गा, नीनी," एंगकुस म्हणाला. "रविवारी सहाला येतो."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. निनिंग पीठ मळत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"हो म्हणून आलास?"

"तोंडातून गेलं."

"म्हणजे शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याची आई दरीत टाकणार तू. वा! मयताला पण तुझीच गाडी मागतील आणि तू मंग्गा म्हणशील."

"तू जाऊन सांगतेस?"

निनिंग पुन्हा पीठ मळू लागली. तीही याच गल्लीतली होती. मळता मळता म्हणाली, "भिशीचे पैसे या महिन्यात मला मिळालेत. सामान मागव. पण रविवारचं तूच निस्तर."

शुक्रवारी दवाखाना बंद होता, म्हणून गाडी ओजोच्या दारातच राहिली. शनिवारी सकाळी एंगकुसने ओजोकडून पाना आणि जॅक घेतला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये घरी आणली. गाडी घराच्या दारात, अगदी रस्त्याच्या कडेला उभी केली. मग एकेक चाक काढलं, ड्रम काढले, डिस्क काढल्या आणि गाडी विटांच्या चार चवडींवर चढवली. कंबर मोडून गेली त्याची. जे तोंडाला जमलं नाही ते त्याने हाताने केलं, आणि याचा त्याला अभिमान नव्हता, लाजच वाटत होती. चाकं भिंतीला टेकवून तो पायरीवर बसून राहिला.

लोक येत गेले. तांदळाच्या दुकानातला वावान थांबला, गाडीकडे पाहिलं, म्हणाला, "अरेरे. बरं, बरं," आणि गेला. दोघी बायका आल्या, म्हणाल्या, "असू दे, असू दे." कुणी काही विचारलं नाही. दहाच्या सुमाराला हाजी कोमार आले आणि त्यांच्या मागून काठी टेकत नीनी इजोह.

हाजी गाडीभोवती एक चक्कर मारून आले. एंगकुस उभा राहिला. "पाक हाजी, मी परवाच सांगणार होतो, पण..."

"नको, नको," हाजी म्हणाले. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. रागावल्यासारखा नाही, उलट ओझं उतरल्यासारखा. "आता बोलायलाच हवं. एंगकुस, मी बस ठरवली आहे. महिन्याभरापूर्वीच. पस्तीस माणसांची."

"मग माझी गाडी?"

"तुझ्याकडे मागितली नसती तर तुला काय वाटलं असतं? गल्लीतलं लग्न, आणि एंगकुसच्या गाडीला विचारलं नाही! म्हणून विचारलं. वाटलं होतं, तूच काहीतरी निमित्त सांगशील."

नीनी इजोह पायरीवर टेकली आणि म्हणाली, "बरं झालं बाई. दर शुक्रवारी त्या उतारावर मी डोळे मिटून अल्लाचं नाव घेत होते. दवाखान्यात पोचले की रक्तदाब वाढलेला. डॉक्टर म्हणतो मीठ कमी करा. मिठाचा काय दोष!"

"नीनी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या मायेने दारात गाडी आणायचास. नको कसं म्हणू?"

"आणखी कुणाला माहीत होतं?"

हाजींनी रस्त्याकडे पाहिलं. "ब्रेकचा आवाज सगळ्यांनाच येतो, बाळा. वावानची बायको तर मुलांना मशिदीच्या अलीकडेच उतरवून चालत नेते."

सात वर्षं तो समजत होता की आपण एकटेच भिडेपोटी मरतो आहोत, आणि गल्ली आपल्या जिवावर मजेत आहे. आणि इथे गेले दोन महिने ही सगळी माणसं, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, त्याला वाईट वाटू नये म्हणून जीव मुठीत धरून त्याच्या गाडीत बसत होती. उतरताना त्याचे आभार मानत होती. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

हाजी गडबडले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं ते झालं. उद्या तू बसमध्ये माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर. पहाटे पाचला ये, ताटं चढवायला मदत होईल. येतोस ना?"

एंगकुसचं तोंड सवयीने उघडलं. निनिंग दारात येऊन उभी राहिली होती. एंगकुसने डोळे पुसले.

"नाही, पाक हाजी," तो म्हणाला. "मी नाही येणार. मी फार दमलोय. उद्या मला झोपायचंय."

हाजींचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला. मग नीनी इजोह काठीवर जोर देऊन उठली.

"झोप मग," ती म्हणाली. "तुझ्या वाटचं लग्नाचं जेवण परत येताना बसमधून आणते."